सयाजीराव, डोंकॅस्टर आणि आमचे मामा

मंडळी, आमच्या आजोळी 'रेस' हा शब्द चारचौघांत उच्चारायची सोय नव्हती. शाळेच्या गॅदरिंगला पोत्यात पाय घालून धावायचं असलं तरी त्याला 'शर्यत'च म्हणायचं. कारण काय, ते लहानपणी कुणी सांगितलं नाही; पुढे कळलं तेही अर्धवटच. मामा मुंबईला नोकरीला असताना कधीतरी काहीतरी झालं होतं आणि त्यात घरातल्या सोन्याच्या पाटल्या गेल्या होत्या, एवढंच.

त्यामुळे २०२३ च्या ऑगस्टमध्ये मामा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे लीड्सला आले आणि चौथ्याच दिवशी चहा पिता पिता "काय रे, तुमच्या इथून डोंकॅस्टर किती लांब?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आम्ही भलत्याच समजुतीत उत्साहाने सांगायला लागलो. आम्ही पडलो इंजिनिअर. डोंकॅस्टर म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे रेल्वेचा कारखाना येतो. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे इंजिन १९२३ साली तिथंच तयार झालं आणि १९३८ साली ताशी १२६ मैलांचा, वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं 'मॅलर्ड'ही तिथलंच. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इंजिनं बघूच रे. पण तिथं सप्टेंबरात लेजर असते ना?"

चहाचा कप आमच्या हातात तसाच राहिला.

त्या रात्री पुण्याला आईला फोन केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आपल्या थोरल्या भावाबद्दल ती कधी चढ्या आवाजात बोलत नाही. पण त्या दिवशी म्हणाली, "त्याला लंडन दाखवा, स्कॉटलंड दाखवा, हवं तर पॅरिसला न्या. तिथं मात्र नेऊ नका."

पण मामांना लेजर का बघायची होती, हे कळल्यावर आम्हांला नाही म्हणवेना.

नावाची गोष्ट

मामांचं बालपण बडोद्याचं. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, तिथं शाळामास्तर होते. सयाजीराव गायकवाड हे त्या घरातलं दैवत. १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणारा राजा. १९१३ साली तरुण आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती देणारा राजा. १९३९ साली ते गेले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. प्रतापसिंहरावांना घोड्यांचं अतोनात वेड. इंग्लंडात घोड्यांची राजधानी म्हणजे न्यूमार्केट. तिथं त्यांनी 'वॉरन प्लेस' नावाचा तबेला घेतला आणि सॅम आर्मस्ट्राँग या नावाजलेल्या ट्रेनरला तिथं आणलं.

१९४५ साली 'दांते' नावाच्या घोड्याने डर्बी जिंकली. त्याच वर्षी त्याचा सख्खा भाऊ, एक वर्षाचं शिंगरू, लिलावात आलं. महाराजांनी ते २८ हजार गिनींना घेतलं. वर्षाच्या शिंगराला तोवर इतकी किंमत कधीच आली नव्हती. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. म्हणजे झाले २९,४०० पौंड. तेव्हाच्या भावाने, पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै धरले, तर ३ लाख ९२ हजार रुपये! आणि या शिंगराचं नाव ठेवलं 'सयाजीराव'.

हा सयाजीराव १९४७ साली तीन वर्षांचा झाला. दोन हजार गिनीज या शर्यतीत तिसरा, डर्बीत तिसरा, मग आयरिश डर्बीत पहिला. आणि सप्टेंबरात डोंकॅस्टरला सेंट लेजर! ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट याने 'अरबार' नावाच्या घोड्याला अवघ्या एका डोक्याने मागे टाकून ती जिंकून दिली. दिल्लीत युनियन जॅक उतरून जेमतेम महिना झाला होता, आणि इकडे यॉर्कशायरच्या माळावर हजारो गोरे लोक 'सयाजीराव' हे नाव कसंबसं उच्चारत होते. पुढच्याच वर्षी महाराजांच्या 'माय बाबू'ने दोन हजार गिनीज जिंकली.

मामा सांगत होते, "बातमी बडोद्याला आली तेव्हा मी दोन वर्षांचा. पण पुढे वडील ही गोष्ट नेहमी सांगायचे. अर्धी अभिमानाने आणि अर्धी रागाने. 'ज्यांनी शाळा काढल्या, त्यांच्या नावाचा घोडा!' असं म्हणायचे. मग जरा थांबून, 'पण जिंकला बरं का!' असंही म्हणायचे."

याच प्रतापसिंहरावांनी १९४९ साली आजोबांच्या नावे बडोद्याला विद्यापीठ काढलं, हेही खरं. आणि १९५१ साली भारत सरकारने त्यांना पदावरून दूर केलं, हेही खरं. आमच्या आजोबांना यांतलं कुठलं जास्त खरं वाटायचं, ते मामांनाही सांगता येईना. पण मरण्यापूर्वी एकदा ते मैदान बघायचं, ही इच्छा त्यांनी मनात धरून ठेवली होती.

शुक्रवारची संध्याकाळ

तर असं आमचं ठरलं. सौ.ने एक अट घातली : जायचं सगळ्यांनी मिळून. मुलांसकट. मामांनी दुसरी अट स्वतःच घातली : "मला पैसे द्यायचे नाहीत. मी मागितले तरी."

शुक्रवारी संध्याकाळी मामांनी 'रेसिंग पोस्ट' आणायला लावला. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातलं टेबल पुसून त्यावर तो पसरला आणि चष्मा, पेन्सिल, फूटपट्टी घेऊन मामा बसले. मुंबईला एका कापड गिरणीच्या कचेरीत त्यांनी उभा जन्म हिशेब लिहिले. आकड्यांच्या ओळीवर त्यांची फूटपट्टी अशी सरकत होती, की आमचा चौदा वर्षांचा चिरंजीव हातातला फोन खाली ठेवून बघत बसला.

ज्यांनी कधी रेसचं कार्ड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घोड्याच्या नावाच्या अलीकडे काही आकडे असतात, समजा '५०-३१२'. ते त्याचे मागचे नंबर. सगळ्यांत उजवीकडचा सगळ्यांत अलीकडचा. शून्य म्हणजे पहिल्या नवांतसुद्धा नाही. मधली आडवी रेघ म्हणजे वर्ष बदललं. पुढे 'सी' असेल तर याच मैदानावर जिंकलेला, 'डी' असेल तर याच अंतरावर जिंकलेला, 'बीएफ' असेल तर मागच्या खेपेला फेव्हरिट असून हरलेला. मग वजन, तेही आपल्याकडच्यासारखं किलोत नाही. स्टोन आणि पौंडांत. मग जॉकी, ट्रेनर.

चिरंजीव म्हणाले, "मामाआजोबा, हे तर फॅन्टसी फुटबॉलसारखं आहे!"

"असेल बाबा," मामा म्हणाले. "पण आधी शर्यत कसली आहे ते बघ. घोडा नंतर."

आणि मग त्यांनी एकेक शर्यत समजावून दिली. लेजरच्या दिवशी काही शर्यती ठरलेल्या असतात. 'शॅम्पेन स्टेक्स' ही दोन वर्षांच्या घोड्यांची, सात फर्लांगांची. ही पोरं आयुष्यात दोन-तीनदाच पळालेली, त्यामुळे कागदावर वाचायला फारसं काही नसतं. उद्या पॅडॉकमध्ये डोळ्यांनी बघायचं. 'पार्क स्टेक्स' हीसुद्धा सात फर्लांगांचीच, पण त्यात मुरलेले घोडे असतात. इथं कागद खूप बोलतो, कारण हेच घोडे एकमेकांशी वर्षभर पळत असतात.

आणि 'पोर्टलंड'. पाच फर्लांग आणि १४३ यार्ड, म्हणजे सव्वा किलोमीटरसुद्धा नाही, आणि त्यात वीस-बावीस घोडे. ही हँडिकॅप शर्यत. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमअस्सलावर कमी. हेतू असा, की सगळ्यांनी एकदम पोचावं! अशा छोट्या अंतरात एका घोडालांबीला साधारण तीन पौंड वजन धरतात. मामांनी या शर्यतीवर फूटपट्टी ठेवलीच नाही. "हा मटका आहे," म्हणाले आणि पान उलटलं.

इंजिनिअरला राहवतंय थोडंच? आम्ही लॅपटॉप काढला. भावांवरून शक्यता काढणं अगदी सोपं. तीनास एक असा भाव म्हणजे चारांत एक, २५ टक्के. सहा घोड्यांची शर्यत धरा, आणि भाव २, ३, ४, ६, ८ आणि १० ला एक. त्यांचे टक्के होतात ३३.३, २५, २०, १४.३, ११.१ आणि ९.१. बेरीज किती? शंभर यायला हवी. येते जवळजवळ ११३!

आम्ही विजयी मुद्रेने तो तक्ता मामांना दाखवला. ते हसले. "हे वरचे तेरा म्हणजे बुकीचं पोट. सगळ्या घोड्यांवर प्रमाणात पैसे लावलेस, तर ११३ देऊन १०० परत घेशील. हे मला कुणी १९७० साली सांगायला हवं होतं." मग जरा वेळाने, "सांगितलं होतं म्हणा. ऐकलं नाही."

नऊ घोडे

त्या वर्षीच्या लेजरला नऊ घोडे होते. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. ही इंग्लंडमधल्या पाच मानाच्या 'क्लासिक' शर्यतींपैकी सर्वांत जुनी, १७७६ सालची. डर्बीपेक्षा चार वर्षांनी मोठी. आणि सर्वांत लांबही : एक मैल सहा फर्लांग ११५ यार्ड, म्हणजे जवळजवळ २.९ किलोमीटर. पळणारे सगळे तीन वर्षांचे. बहुतेकांनी आयुष्यात एवढं अंतर एका दमात कधी तोडलेलं नसतं. म्हणजे प्रश्न वेगाचा नसतो, दमाचा असतो; आणि जे घडलेलंच नाही त्याचा अंदाज बांधायचा असतो.

घरात एकेकाने आपापला घोडा निवडला. सौ.ने 'अरेस्ट' घेतला, कारण त्यावर फ्रँकी डेटोरी बसणार होता आणि हा आपला इंग्लंडमधला शेवटचा मोसम असं त्याने जाहीर केलं होतं. "निरोपाच्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवू नये," हा सौ.चा हिशेब. अकरा वर्षांच्या कन्येने 'डेझर्ट हीरो' घेतला, कारण तो राजाचा होता. तो जूनमध्ये रॉयल ॲस्कटला जिंकला तेव्हा नव्या राजा-राणीला तिथला पहिला विजय मिळाला होता. आम्ही तक्त्यावरून 'ग्रेगरी' निवडला. रॉयल ॲस्कटला पावणेदोन मैलांची शर्यत जिंकलेला. म्हणजे दमाची परीक्षा आधीच पास झालेला. आमचं तर्कशास्त्र आम्हांला बिनतोड वाटलं.

मामांनी फूटपट्टी सरकवली. "तुझा ग्रेगरी गेल्या महिन्यात यॉर्कला काय झाला?"

तिसरा झाला होता. जिंकला होता 'कंटिन्युअस' नावाचा घोडा.

"बरं, हा कंटिन्युअस जूनमध्ये ॲस्कटला दुसरा. म्हणजे दर महिन्याला चढतोय. बाप कोण?" बाप 'हार्ट्स क्राय', जपानी घोडा. जपानची अरिमा किनेन ही अडीच किलोमीटरची मोठी शर्यत २००५ साली जिंकलेला. मामांनी मान डोलावली. "बापाला दम होता. शिवाय हा मागं थांबून शेवटी सुटणारा. आणि डोंकॅस्टरची शेवटची सरळ वाट साडेचार फर्लांगांपेक्षा लांब आहे. मागून येणाऱ्याला वेळ मिळतो." हे सगळं त्यांनी आदल्या रात्री नकाशावरून मोजून ठेवलं होतं.

मग एका पाकिटाच्या पाठीवर त्यांनी लिहिलं : '१. कंटिन्युअस. २. डेझर्ट हीरो.' खाली तारीख घातली, पाकीट घडी घालून सौ.च्या हातात दिलं आणि "सूनबाई, हे तुमच्या पर्समध्ये असू दे," एवढं बोलून ते झोपायला गेले.

शनिवार

लीड्सहून डोंकॅस्टरची गाडी त्या सकाळी आपल्याकडच्या वऱ्हाडाच्या एसटीसारखी भरली होती. डोक्यावर पिसांच्या टोप्या, अंगात झगमगीत पोशाख, पायांत उंच टाचा. निम्म्या बायका लग्नाला निघाल्यासारख्या आणि निम्मे पुरुष लग्नाहून परतल्यासारखे! आम्ही डबा उघडला : दशम्या, लसणाची चटणी, बटाट्याची भाजी. मामा म्हणाले, "पूर्वी मुंबईहून पुण्याच्या रेसला अशीच माणसं जायची." १९३० साली सुरू झालेली डेक्कन क्वीन सुरुवातीला फक्त शनिवार-रविवारी धावायची आणि तिच्यात रेसचे शौकीन भरलेले असायचे, हे तुम्ही ऐकलं असेलच. मुंबईच्या महालक्ष्मीचा मोसम थंडीतला, पुण्याचा पावसाळ्यातला. "म्हणून पुण्याच्या ओल्या जमिनीत उडणारा घोडा महालक्ष्मीला येऊन बसायचा," मामा सांगत होते. "ते कळायलाच मला दोन वर्षं लागली. आणि दोन वर्षांची फी फार पडली."

डोंकॅस्टरला २०२२ साली शहराचा, म्हणजे 'सिटी'चा दर्जा मिळाला. पण अजून गावपण गेलेलं नाही. रेसचं मैदान म्हणजे 'टाउन मूर', गावाचा माळ. लेजर पहिली दोन वर्षं जवळच्याच कँटली कॉमनवर झाली आणि १७७८ पासून या माळावर आली. आत शिरल्यावर मामा काही वेळ बोललेच नाहीत. समोर हिरवागार, प्रचंड मोठा पट्टा. एका टोकाला थोडासा चढ, त्याला म्हणतात 'रोझ हिल'. बाकी सपाट. ते कठड्याला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "इथून आला असेल."

कोण, ते कुणी विचारलं नाही.

पूर्वी इथं बुकींच्या खडूने लिहिलेल्या पाट्या असत आणि पांढरे हातमोजे घालून हातवाऱ्यांनी भाव कळवणारे 'टिक-टॅक' लोक असत. आता पाट्या विजेच्या आणि भाव कळवायला संगणक. अठरा वर्षांखालच्यांना पैसे लावता येत नाहीत, त्यामुळे मुलं मामांच्या ताब्यात देऊन आम्ही दोघं बुकीकडे गेलो. सौ.ने अरेस्टवर दोन पौंड 'ईच-वे' लावले, म्हणजे दोन जिंकण्यावर आणि दोन पहिल्या तिनांत येण्यावर, एकूण चार. आम्ही ग्रेगरीवर पाच. परत येऊन बघतो तर मामा पॅडॉकच्या कठड्याशी मुलांना घोडे दाखवत होते. "याला घाम बघ, मानेवर फेस आलाय, हा आधीच दमला. आणि हा बघ, कान पुढे, चाल सैल. याला काळजी नाही." मधूनच छत्रीचं टोक हिरवळीत खुपसून जमीन किती मऊ आहे तेही बघून झालं.

शॅम्पेन स्टेक्सला त्यांनी दाखवलेलं पोर चौथं आलं. पार्क स्टेक्सला त्यांचा घोडा दुसरा. पोर्टलंडला त्यांनी पाठ फिरवून चहा घेतला. प्रत्येक शर्यतीनंतर ते कार्डावर काय चुकलं ते बारीक अक्षरांत लिहीत होते. आम्ही मात्र दर वेळी त्यांच्या हाताकडे बघत होतो. खरं सांगायचं तर दिवसभर आम्ही घोडे कमी आणि मामाच जास्त बघितले. एकदा त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला तेव्हा सौ.ने आमच्या दंडाला चिमटा काढला. निघाला तो रुमाल.

त्या दिवशी राजा चार्ल्स आणि राणी कॅमिला दोघेही आले होते. आमच्या कन्येचा उत्साह काय विचारता! लेजर सुटली. घोडे जवळजवळ अख्खी फेरी मारतात : आधी दूर जातात, रोझ हिल चढतात, इतके लहान होतात की जॉकींच्या टोप्यांचे रंग फक्त दिसतात, आणि मग वळून त्या लांबलचक सरळ वाटेवर येतात. आधी काही ऐकू येत नाही. मग जमिनीतून टापांचा आवाज येतो आणि पाठोपाठ लोकांचा. शेवटच्या दोन फर्लांगांत मागून एक घोडा सुटला तो सुटलाच. चिरंजीव ओरडले, "मामाआजोबा, तुमचा!"

कंटिन्युअस पहिला, अरेस्ट दुसरा, राजाचा डेझर्ट हीरो तिसरा. आमचा ग्रेगरी पहिल्या तिनांत नव्हता. सौ.च्या चहाचे पैसे सुटले. आमच्या तक्त्याचं नाव त्यानंतर घरात कुणी काढलं नाही.

सौ.ने पर्समधून पाकीट काढलं आणि मुलांनी ते वाचून आरडाओरडा केला. शेजारच्या एका यॉर्कशायरच्या म्हाताऱ्याने ते बघून मामांना विचारलं, किती लावले होते? मामा म्हणाले, "नथिंग." म्हाताऱ्याने अशा नजरेने बघितलं, की याला वेडा म्हणावं की शहाणा ते त्याला ठरवता आलं नसावं.

परतीची गाडी

गाडीत चिरंजीवांनी विचारलंच. "मामाआजोबा, तुम्हांला माहीत होतं, मग पैसे का नाही लावले?"

मामा खिडकीतून बाहेर बघत होते. मग सांगायला लागले, आणि आजोळी कुणी न सांगितलेली ती गोष्ट आम्हांला पहिल्यांदाच पूर्ण ऐकायला मिळाली.

"मला तेव्हाही माहीत असायचं. दहांत तीनदा, चारदा बरोबर यायचं. तेच वाईट. अजिबात कळत नसतं तर महिन्याभरात सोडून दिलं असतं. बहात्तर साली तुझ्या आजीच्या लग्नासाठी घरात पाटल्या करून ठेवल्या होत्या. एक घोडा होता. आजही त्याचे मागचे पाच नंबर पाठ आहेत माझे. मला वाटलं, शनिवारी गहाण ठेवायच्या, सोमवारी सोडवून आणायच्या. कुणाला कळणारही नाही."

"मग?"

"चौथा आला."

बराच वेळ फक्त रुळांचा आवाज. मग म्हणाले, "आज पैसे लावले असते, तर शेवटच्या दोन फर्लांगांत मला घोडा दिसला नसता रे. तेव्हाही कधी दिसला नाही. पन्नास वर्षांनी आज पहिल्यांदा शर्यत बघितली मी."

पुढे अकरा वर्षांनी त्यांनी पै-पै साठवून तशाच पाटल्या करून आईला दिल्या होत्या, ही पुस्ती आम्हीच मुलांना दिली. त्या पाटल्या आईच्या कपाटात आम्ही लहानपणापासून बघत आलोय. तिच्या हातात मात्र कधी बघितल्या नाहीत. का, ते त्या दिवशी कळलं. मामांनी ऐकलं, आणि काही बोलले नाहीत.

घरी पोचलो तोवर पुण्यात मध्यरात्र उलटली होती. तरी आई जागी होती. फोन पहिल्याच घंटीला उचलला. मामांनी आमच्या हातातून फोन घेतला. "मी बोलतोय. जाऊन आलो. एक पैसाही लावला नाही. पोरांना विचार हवं तर."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आईचा आवाज आला, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे तो आम्ही सगळ्यांनीच ऐकला.

"ते राहू दे. तू सांगितलेला घोडा आला का?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "आला," ते म्हणाले. "पहिला आला."

"बरं झालं," आई म्हणाली. "झोप आता."

असो. ते पाकीट आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेलं आहे. आमच्याकडे कुणी पाहुणे आले की विचारतात, हे काय? मग आम्ही आधी सयाजीरावांपासून सुरुवात करतो. सेंट लेजर दर वर्षी सप्टेंबरात, शनिवारी असते. मंडळातल्या कुणाला जायचं असेल तर जरूर जा. दशम्या गाडीतच खा, पाऊस गृहीत धरा, आणि एका पाकिटावर आपला घोडा आदल्या रात्रीच लिहून ठेवा.